शिरवाळ्यांना हात लागतात

जावई हा दहावा ग्रह, असे आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ ग्रह निदान आपापल्या वेळेला पुढच्या राशीत सरकतात. हा दहावा मात्र २०२० सालच्या मार्चमध्ये डिचोली तालुक्यातल्या एका घरी जो मुक्कामाला आला, तो बावन्न दिवस जागचा हलला नाही. तो ग्रह म्हणजे प्रस्तुत लेखक, आणि ते घर म्हणजे आमची सासुरवाडी.

त्याचे असे झाले. मार्चच्या मध्यावर कर्नाटकातली कॉलेजे बंद झाली. पाडवा तोंडावर आला होता. सौ. म्हणाली, चार दिवस आईकडे जाऊन येऊ. माझ्या आईलाही चल म्हटले. आई मूळची धारवाडकडची, घरात आमच्याशी कन्नडच बोलते. ती म्हणाली, 'मला घाट लागतो. आणि युगादीला इथे देवाला बेवु-बेल्ला कोण दाखवणार? तुम्ही जाऊन या.' म्हणून २१ मार्चच्या शनिवारी मी, सौ. आणि आठवीतली मुलगी असे तिघे बेळगावहून चोर्ला घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. गोव्यात तो २५ तारखेपर्यंत वाढवला, आणि २५ ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशभर लॉकडाऊन सुरू झाला. घाट बंद. चार दिवसांचे कपडे घेऊन आलेला जावई सासऱ्यांच्या लुंगीवर आला.

पहिले काही दिवस गोव्यात किराण्याची दुकानेसुद्धा उघडत नव्हती. पहाटे सायकलवरून पों-पों करत येणारा पोदेर दिसेना. भाजीचे तर विचारूच नका. गोव्याच्या बाजारातली भाजी बहुतांशी आपल्या बेळगावची, हे वाचकांना सांगायला नको. तिचे ट्रक अडले. इकडे माझा चुलतभाऊ फोनवर सांगत होता की कोबीला गिऱ्हाईक नाही, उभ्या पिकात गुरे सोडली आहेत. घाटाच्या वर भाजी गुरांना आणि घाटाच्या खाली भाजी नाही! सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, 'जावईबापू, तुमच्या गावची भाजी बंद झाली. आता आमच्या गावची खा.'

आमच्या गावची म्हणजे परसातली. कोवळा फणस, केळफूल, शेवग्याचा पाला, नीरफणस, अळू, झाडाखाली पडलेल्या कैऱ्या, काजूचे ओले बिब्बे. परसात एवढे काही असते हे मी सतरा वर्षे जावई असून पाहिले नव्हते. दोष माझा एकट्याचा नाही. त्या घरातल्यांनीही बरीच वर्षे ते पाहणे सोडले होते. मेहुण्याचा खनिज वाहणारा ट्रक होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हापासून तो ट्रक अंगणाच्या कडेला उभा होता. मेहुणा पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हिशेब लिहायला जाई आणि रात्री अकराला घरी येई. वैनी औद्योगिक वसाहतीत कामाला. नातू शाळा आणि शिकवणीत. सकाळी पाव-भाजी, दुपारी डबे, रात्री ज्याचे त्याने झाकून ठेवलेले वाढून घ्यायचे. मसाला पाकिटातला, नारळाचे दूध डब्यातले. सासूबाई सत्तरीच्या. त्यांनी ओरडून काही उपयोग नव्हता.

आता घरात आठ माणसे चोवीस तास. आधी सांगून टाकतो, पहिल्या आठवड्यात आम्ही चार पुरुषांनी फक्त खाल्ले. सकाळी आंबोळ्या, दहाला उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली तोरे, दुपारी जेवण, चारला चहाबरोबर काहीतरी, पुन्हा रात्री जेवण. आम्ही वर्तमानपत्र नाही म्हणून हळहळत होतो आणि तिघी बायका चुलीपासून हलत नव्हत्या. पाचव्या की सहाव्या रात्री सौ. ने ताटे उचलता उचलता विचारले, 'उद्यापासून नारळ कोण खवणार, ते आताच ठरवा.' आवाज चढवला नव्हता. पण ठरवावे लागले. सासऱ्यांनी आदोळी घेतली, मेहुण्याने पाणी आणि लाकडे, मी रगडा.

रगडा म्हणजे आमच्या आईचा ओरळकल्लु. वाटणे, घाटणे हे शब्द मी वर्गात बरेच वापरले आहेत, पण रगड्याचा वरवंटा फिरवताना खांद्यात नेमके कुठे दुखते ते तेव्हा कळले. आठ माणसांच्या आमटीचे खोबरे बारीक व्हायला पाऊण तास लागला. सासूबाईंनी बोटाने पाहिले आणि म्हणाल्या, 'अजून कण आहे.' प्रबंधाचे मार्गदर्शकही इतके कठोर नसतात.

वर्तमानपत्रे सुरू झाली आणि टीव्हीवरही दिसू लागले की सगळीकडे हेच चालले आहे. कोणी घरी पाव भाजतो आहे, कोणी कॉफी फेटून फेटून तिचा फेस करतो आहे. इंग्लंडमध्ये तर दुकानांतून पीठ मिळेनासे झाले. गिरण्यांत पीठ भरपूर होते, पण एवढ्या घरांना एकदम लहान पिशव्या भरून देण्याची सोय अपुरी पडली. सगळे म्हणत होते, बघा, वेळ मिळाला की माणूस पुन्हा चुलीकडे वळतो. मीही तेच म्हणत होतो.

एप्रिल-मे म्हणजे गोव्यात पुरुमेंताचे दिवस. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीजांकडून आला. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हाती गेले, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथली राहणी सावंतवाडी-दोडामार्गाशी मिळतीजुळती, तरी हा शब्द स्वयंपाकघरात पक्का रुळला. पावसाळ्यात ओढे भरले की बाजार दूर, मासेमारी थांबलेली. मग घरात असेल त्यावर चार महिने चूल चालायची. सुकी मासळी, सोले, मिरच्या, चिंच, कुळीथ, उकडे तांदूळ, जाडे मीठ, सगळे मे अखेर घरात आलेले असायचे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या दिवसांत त्यासाठीच फुलतो. त्या वर्षी बाजार नव्हता. सासूबाईंचे माहेर पेडणे तालुक्यातले. निर्बंध थोडे सैल झाल्यावर त्यांचा भाचा तिकडून हरमलच्या मिरच्या आणि आगरवाड्याचे जाडे मीठ दुचाकीवर घेऊन आला. (या हरमल मिरचीला पुढे २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सासूबाईंनी ते कधीच देऊन टाकले होते.) त्या म्हणाल्या, 'आमच्या आजीला तुमचा लॉकडाऊन नवा नसता वाटला. तिचा दरवर्षी जूनला लागायचा.'

मग भिरंडे उतरवली. भिरंड म्हणजे रातांबा. सासरे फळे फोडत, आम्ही बिया आणि गर वेगळा काढत असू. गरात मीठ घालून रस सोडवायचा, सालींना त्यात रात्रभर बुडवायचे, दिवसा उन्हात घालायचे, संध्याकाळी पुन्हा रसात. असे चार-पाच वेळा केले की साल काळीभोर, मऊ होते, तेव्हा त्याला सोल म्हणायचे. उरलेला खारट रस म्हणजे आगोळ. बियाही टाकायच्या नाहीत. त्यांचे भिरंडेल निघते, ते पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना. कढी करताना आपण चार सोले टाकतो, त्यामागे आठवडाभराची ऊन-सावली असते हे मुलीला पहिल्यांदाच कळले. तिच्या बापालाही.

आणि एका रविवारी माळ्यावरून साचा निघाला.

शिरवाळ्या आपल्या वाचकांना वेगळ्या नावाने ठाऊक असतील. दक्षिणेकडे तांदळाची ओत्तु शाविगी म्हणतात, त्यांचीच ही गोव्याकडची बहीण. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळून तिचे मुटके करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. वर आले की एकेक काढून गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचा आणि दाबायचा. खाली नाजूक शेवया उतरतात. त्या गूळ आणि वेलची घातलेल्या नारळाच्या दुधात खायच्या. सोपे वाटते. पण मुटका गार झाला की साच्यातून उतरतच नाही. म्हणून एकाने पाण्यातून काढायचे, एकाने साच्यावर भार द्यायचा, एकाने खाली ताट धरून फिरवत राहायचे, आणि तेवढ्यात कोणीतरी नारळाचे दूध पिळत असले पाहिजे. सगळे एकाच वेळी.

त्या दिवशी मेहुणा साच्यावर, वैनी पाण्यापाशी, माझी मुलगी ताट धरून, भाचा तिला 'वाकडे झाले, वाकडे झाले' म्हणून चिडवत, सौ. आणि मी खोबरे पिळत. सासूबाई पाटावर बसून नुसत्या सांगत होत्या. साचा शेवटचा कधी काढला होता, तर सौ. च्या लग्नाआधी. म्हणजे सतरा वर्षे तो माळ्यावर होता.

मी म्हटले, 'खरे आहे, हल्ली वेळ कुठे असतो कुणाला.'

सासूबाई म्हणाल्या, 'वेळ? वेळ मला दुपारभर होता. साच्याला दुसरा हात नव्हता.'

एवढेच बोलून त्या पुन्हा मुलीला ताट नीट धरायला सांगू लागल्या. मी मात्र खोबरे पिळता पिळता थांबलो. आपण म्हणतो धावपळ वाढली, म्हणून घरचे रांधणे मागे पडले. अर्धे खरे आहे. पण ज्या बाईची धावपळ संपून वीस वर्षे झाली, तिच्याही हातून तो पदार्थ गेला होता. पदार्थ वेळेअभावी गेला नाही, माणसे पांगली म्हणून गेला. मिक्सरने वेळ वाचतो. ताट धरायला मिक्सर येत नाही. त्या वर्षी आम्हाला सावकाशीची सवड मिळाली म्हणून शिरवाळ्या झाल्या नाहीत. कुणाला बाहेर जाता येईना, म्हणून झाल्या.

घराच्या मागे भाड्याच्या खोल्या होत्या. तिथे विजापूरकडची बांधकाम मजुरांची दोन कुटुंबे अडकली होती. काम बंद, मजुरी बंद, गावाला जाता येत नाही. लोकांनी दिलेला तांदूळ होता, पण जोंधळ्याशिवाय त्यांचे पोट भरेना. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलणारा मी एकटाच, म्हणून सासुरवाडीत मला अचानक दुभाष्याचा मान मिळाला. गावाहून आणलेल्या पिठात अक्का तीन विटांच्या चुलीवर रोट्टी थापायची, तो थप-थप आवाज संध्याकाळी आमच्या पडवीत यायचा. सासूबाई नारळ, सोले पाठवत. तिकडून एकदा चार रोट्ट्या आल्या. आम्ही ज्याला त्या दिवसांत कौतुकाने 'सगळे घरी, पहिल्यापासून' म्हणत होतो, ते अक्काचे रोजचेच होते. तिला कोणी सावकाश जगणारी म्हटले नसते. देशभर त्या दिवसांत तिच्यासारखी माणसे रस्त्याने पायी गावाकडे निघाली होती.

एकदा तिने मला विचारले, 'घरी अव्वा एकटीच?'

'एकटीच,' मी म्हटले. 'पण रोज फोन असतो. सगळे करून खाते.'

अक्का तव्यावरची रोट्टी उलटत म्हणाली, 'एकटीसाठी चूल पेटत नाही, अण्णा.'

मी हसून विषय सोडून दिला.

फोन रोज रात्री आठला. आईचा पहिला प्रश्न ठरलेला, 'ऊट आतेनो?' मग मी दिवसभरातले एकेक सांगायचो. ती ऐकून घ्यायची. मग मी विचारायचो, तू काय केलेस? तीही सांगायची. आज जोळद रोट्टी आणि एण्णेगायी. आज हुरळी सारु. आज थोडी शेंगदाण्याची चटणी कुटली. एकदा फोन स्पीकरवर टाकून दोघी विहिणींचे बोलणे लावून दिले. एकीचे मराठी कन्नड वळणाचे, दुसरीचे कोंकणी वळणाचे. एकीची हुरळी म्हणजेच दुसरीचे कुळीथ, हे दोघींना कळायला पंधरा मिनिटे लागली. मग सासूबाईंनी पिठी कशी करायची ते सांगितले आणि आईने सारु. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. आई इतके रांधते आहे, म्हणजे ती ठीक आहे, असा माझा हिशेब होता.

गोव्यात तोवर सातच रुग्ण सापडले होते आणि १९ एप्रिलपर्यंत ते सातही बरे झाले. १ मे रोजी राज्य हिरव्या विभागात गेले. मेच्या सुरुवातीला सेवा सिंधूवर अर्ज केला, पास मिळाला, आणि १२ मे रोजी आम्ही निघालो. चौदा दिवस घराबाहेर पडायचे नाही, या बोलीवर. सासूबाईंनी सोले, आगोळ, मिरच्या बांधून दिल्या आणि वर साचा ठेवला. मी म्हटले, अहो, हा तुम्हाला लागेल. त्या म्हणाल्या, 'तुम्ही गेलात की हा माळ्यावरच जाणार. न्या.' मेहुण्याच्या हॉटेलातून बोलावणे येईल असे तेव्हा वाटत होते. त्यांनी आधीच हात मोजले होते.

घरी पोहोचलो. आईने दार उघडले. बारीक झाली होती, पण उन्हाळा म्हणून असेल असे वाटले. संध्याकाळी सौ. ने स्वयंपाकघरातून मला हाक मारली. आत गेलो तर ती जोंधळ्याच्या पिठाचा डबा उघडून उभी होती. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः गिरणीतून पाच किलो दळून आणले होते. डबा गळ्याशी भरलेला. पीठ कडवट झालेले आणि त्याला जाळी धरलेली. शेजारचा हुरळीचा डबाही मी ठेवला होता तसाच.

आईला विचारले. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली की भात आणि मज्जिगी, कधी लोणचे, कधी चुरमुरे. एकटीसाठी कशाला रोट्ट्या थापायच्या?

'मग फोनवर रोज सांगायचीस ते?'

'तू रोज विचारायचास,' ती म्हणाली, 'म्हणून रोज काहीतरी रांधावे लागायचे.'

बावन्न दिवस आम्ही पडवीत बसून घरच्या अन्नाचा महिमा गात होतो आणि माझी आई रोज रात्री आठ वाजता फोनवर स्वयंपाक करत होती. पैशाची अडचण नव्हती. सामान होते. वेळ तर होताच, आमच्या सगळ्यांपेक्षा तिच्याकडे जास्त होता. सासूबाईंनी मला नेमके हेच सांगितले होते, आणि अक्कानेही. मी दोन्ही वाक्ये ऐकली, त्यांपैकी एकावर डोळे भरून विचार केला, आणि माझ्या घराशी त्यांचा काही संबंध आहे हे माझ्या लक्षात आले नाही. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाने हे लिहिताना थोडे वाईट वाटते.

चौदा दिवस घरातच होतो. चौथ्या दिवशी साचा काढला. आईने पाहताक्षणी तो हातात घेतला आणि म्हणाली, लहानपणी आजोळी असा होता, पण आमचा उंच होता, पोरे वर लोंबकळायची. ताट तिनेच धरले. गूळ-वेलची घातलेले दूध तिला आवडले, पण निम्म्या शेवयांना तिने हिरवी मिरची, लिंबू आणि मोहरीची फोडणी देऊन चित्रान्न केले. सासूबाईंना ते फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आता पाच वर्षे उलटून गेली. तिकडे बरेच बदलले. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. मेहुणा तिथे पाळीत कामाला जातो. ट्रक त्याने विकला. डिचोलीतली खाण २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तो परत तिकडे वळला नाही. वैनींच्या पाळ्या वेगळ्या, भाचा शिकायला बाहेर. सासूबाईंचा उजवा खांदा वर जात नाही. त्या घरात पुन्हा पाकिटातला मसाला आला आहे, आणि मला त्यात नाव ठेवण्यासारखे काही दिसत नाही. रोज रगडा फिरवा असे जे सांगतात, त्यांनी तो सलग आठवडाभर फिरवून पाहावा.

आम्ही मात्र एक ठरवले आहे. दरवर्षी एप्रिलअखेर भिरंडे पिकली की चार दिवस खाली उतरायचे, साचा बरोबर घेऊन. मेहुणा त्यातला एक दिवस सुट्टी काढतो. आईसुद्धा येते. घाटात लिंबू हुंगत, डोळे मिटून, पण येते. तिला साच्यावर भार देता येत नाही आणि सासूबाईंना हात वर करता येत नाही, म्हणून दोघी मिळून एक ताट धरतात. शिरवाळ्या थोड्या वाकड्या पडतात.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असा एखादा साचा, पाटा, जाते असेल. ते धूळ पुसून मांडण्याआधी घरात हात किती आहेत ते पाहा. आणि घरी कोणी एकटे असेल, तर 'जेवलीस का' एवढेच विचारून फोन ठेवू नका. आमची आई त्या प्रश्नाला बावन्न दिवस 'आतु' म्हणत होती. पुढच्या वेळी जाल तेव्हा पिठाचा डबा उघडून पाहा.